श्वास, हात आणि बारीकबाई

बारीकबाईंना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. अंगाने बारीक, टाका बारीक आणि समोरच्याच्या बोलण्यातली खोच हेरणारी नजर त्याहून बारीक, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने, म्हणजे मास्तरांनी ते ठेवलं असं त्या म्हणत. मास्तर म्हणत, "मी कशाला ठेवीन? तुम्हाला बघून सुईणीलाच सुचलं असेल."

त्यांचं काम रफूचं. चांगल्या कोटाला कसर लागते, इस्त्रीचा डाग पडतो, खिळ्याला बाही अडकून फाटते. अशा वेळी त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून, कोणाला दिसणार नाहीत असे धागे उपसायचे आणि भोकाच्या जागी उभे-आडवे पुन्हा विणायचे. रफू ओळखू आलं तर ते रफू नव्हे, ठिगळ, असं त्यांचे सासरे म्हणायचे. ही विद्या सासऱ्यांचीच. बारीकबाईंच्या नवऱ्याच्या बुडाखाली भोवरा होता. एका जागी बसणं त्याला शिक्षा वाटे, त्यामुळे तो ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. सासऱ्यांनी मुलाचा नाद सोडला आणि नव्या सुनेच्या हातात सुई दिली. काम झालं की ते बघत नसत. डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवत. बोट कुठे अडलं की कोट काही न बोलता परत सुनेच्या मांडीवर येई. पहिल्या वर्षी कोट परत येत राहिले. मग यायचे थांबले. म्हातारा कधी "छान" म्हणाला नाही, पण मरताना आपलं भिंग तिला देऊन गेला.

ते भिंग अजून खिडकीपाशी टेबलावर होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बारीकबाईंचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. "न्हाव्याचे केस वाढलेले आणि लिफ्टवाल्याची आई जिन्यात धापा टाकतेय," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि प्रत्येक जिन्याच्या वळणावर थांबायच्या. धाप नुसती जिन्याची नव्हती. दमा होता. वर्षानुवर्षं लोकरीची कूस, म्हणजे उडणारे बारीक तंतू, नाकातोंडात गेली होती. डॉक्टर म्हणाले, "लोकर सोडा." त्या म्हणाल्या, "सोडते. पण मग धरू काय?"

डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. निळा, दम लागला की ओढायचा. तपकिरी, रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, दम लागो न लागो. तपकिरी त्यांनी महिनाभर ओढला. छातीत काही हललं नाही. ज्या औषधाने काहीच होत नाही ते घ्यायचं कशाला, असा सरळ हिशेब करून त्यांनी तो बटणांच्या डब्यात टाकला. निळा मात्र गुणी होता. ओढला की जरा वेळात छातीतली शिट्टी बंद आणि श्वास मोकळा.

फक्त हात कापायचा.

हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. आधी वाटलं वय झालं. मग वाटलं भिंगाची काच खराब झाली. एक दिवस पंप ओढून त्या लगेच सुई ओवायला बसल्या आणि दोऱ्याचं टोक वाऱ्यातल्या कोळिष्टकासारखं हलायला लागलं. खिडकी तर बंद होती. तेव्हा त्यांना कळलं की श्वास येतो आणि हात जातो. त्यांनी त्यावर आपला तोडगा काढला. जाड काम असेल त्या दिवशी पंप, बारीक काम असेल त्या दिवशी पंप बंद. छाती वाजत राहायची, त्या हळूहळू श्वास घेत, ओठ आवळून, टाका घालत राहायच्या. कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रफूगराचा हात कापतो हे बाहेर गेलं तर मूठ उघडायलाही कोणी येणार नव्हतं.

पण काम बोलतं. एका पँटचं गुडघ्यावरचं रफू उन्हात दिसलं. मास्तर काही बोलले नाहीत. मग एका ओव्हरकोटाची कॉलर. तेव्हाही बोलले नाहीत. नुसतं एवढंच झालं की त्यांच्याकडची फाटकी कामं कोपऱ्यावरच्या मशीन-रफूच्या दुकानात जायला लागली. बारीकबाई खिडकीतून बघायच्या. मास्तर कपड्यांचं गाठोडं काखेत मारून रस्त्याच्या त्या बाजूने जायचे, इकडे मान वर न करता. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे सून. ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होती. काय करते असं शेजारणीने विचारलं की बारीकबाई म्हणत, "डोळ्याला न दिसणारं काहीतरी गोठवते आणि त्याचे फोटो काढते. फोटो चांगला आला नाही की महिनाभर घरात कोणी बोलायचं नाही." सून मनाची चांगली होती, पण नजरेने घरात नसायची. सासूचे दोन पंप तिने पाहिले होते, तपकिरी कुठे गेला हे तिने कधी पाहिलं नाही. उलट सासूच्या नजरेतून काही सुटत नसे. टेबलावरून आतल्या खोलीतलं कपाट सरळ दिसायचं. एकदा सुनेला कुठेतरी चार मोठ्या लोकांपुढे भाषण द्यायचं होतं. ती आरशासमोर उभी राहून पाठ करत होती आणि हातातले कागद असे फडफडत होते की बारीकबाईंना वाटलं कबुतर शिरलं. मग सुनेने खणातून एक छोटी गोळी काढून घेतली. निघायच्या वेळी कपबशी उचलून आणली तर कप बशीवर किणकिणलासुद्धा नाही. हात दगडासारखा.

बारीकबाईंनी ते लक्षात ठेवलं.

आणि मग तो कोट आला.

मास्तर स्वतः जिना चढून आले. राखी रंगाचा, तिरप्या विणीचा, जुन्या काळच्या लोकरीचा कोट. छातीवर, अगदी समोर, सिगरेटने पडलेलं भोक. कोट एका गाण्याच्या मास्तरीण बाईंचा. त्यांच्या वडिलांचा होता, त्यांनी आपल्या मापाचा करून घेतला होता आणि प्रत्येक कार्यक्रमाला तोच घालायच्या. सिगरेट त्यांची नव्हती, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची होती, आणि त्या माणसाबद्दल त्या काय म्हणाल्या ते मास्तरांनी सांगितलं नाही.

"तिरपी वीण आहे," मास्तर म्हणाले. "मशीनवाला याचा बट्ट्याबोळ करेल."

"मग?"

"मग बघा. म्हणजे... जमत असेल तर."

बारीकबाईंनी कोट उजेडात धरला. "मास्तर, आजवर कधी 'जमत असेल तर' म्हणाला होतात?"

मास्तरांनी खिशातली टेप काढली, उगाच मोजल्यासारखी बोटावर गुंडाळली. "अहो, सगळ्यांचंच वय होतं. मलाही आता सुईत दोरा नात ओवून देते."

"तुमची नात डाव्या हाताने ओवते, तरी ओवते. मला कोणी ओवून द्यायची वेळ आली नाही अजून."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्ही ते म्हणत नाही आहात," बारीकबाई म्हणाल्या. मास्तर जिना उतरले. त्या कोटाबरोबर काय आलं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. हे रफू दिसलं तर मास्तर पुन्हा तिसरा मजला चढणार नव्हते. भांडणार नाहीत, टोमणा मारणार नाहीत. गाठोडं काखेत मारून रस्त्याच्या त्या बाजूने जातील.

नेमकी हवा बदलली होती आणि छाती सकाळपासून शिट्टी वाजवत होती. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामाला गेले. बारीकबाईंनी दुमडीतून धागे उपसले, रंगाप्रमाणे वेगळे केले. राखी म्हणजे एक राखी नव्हती, तीन होत्या. मग भिंगाखाली पहिला धागा घातला आणि खोकल्याची उबळ आली. धागा सुटला. पुन्हा घातला, पुन्हा उबळ. पंप ओढला तर हात जाणार, न ओढावा तर खोकला हात हलवणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्या बराच वेळ कोटाकडे बघत बसल्या. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि सुनेच्या खणातून गोळ्यांची पट्टी काढली.

चोरी म्हणून नव्हे. घरातलीच वस्तू, घरातल्याच माणसाची. मुलाच्या डोकेदुखीची गोळी त्या घ्यायच्या, त्यांची पित्ताची गोळी मुलगा घ्यायचा. औषधाला कोणाचं नाव लिहिलेलं असतं का? तरीही घेताना त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. सुनेने घेतली होती त्याहून एक जास्तच घेतली. सुनेला बोलायचं होतं, आपल्याला तिरपी वीण घालायची होती.

तासाभरात हात थांबला.

असा हात त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. सुई जिथे न्यावी तिथेच जात होती. दोन धाग्यांवरून, एकाखालून, पुढच्या ओळीत एक पाऊल सरकून पुन्हा तसंच. भोकाच्या कडेला जळून कडक झालेले धागे त्यांनी एकेक करून कापले आणि नव्याने जागा भरत गेल्या. पाच-सहा ओळी अशा पडल्या की सासरा जिवंत असता तर बोट फिरवून दुसऱ्यांदा फिरवलं असतं. बारीकबाई स्वतःशीच म्हणाल्या, "बघा म्हणावं आता, जमत असेल तर."

छाती आवळायला लागली तेव्हा आधी त्यांनी लक्षच दिलं नाही. सवय होती. पण ही आवळ नेहमीची नव्हती. नेहमी दम पायरीपायरीने यायचा, आज कोणीतरी पिशवीची नाडी ओढल्यासारखी छाती बंद होत होती. त्यांनी सुई कापडात खोचली, काम करताना मधेच उठायचं तर सुई कुठे ठेवायची ही शिस्त तशातही सुटली नाही, आणि निळा पंप ओढला. थांबल्या. काही झालं नाही. पुन्हा ओढला. गुणी पंप आज जणू घरातच नव्हता. हात मात्र शांत होता. एरवी पंपानंतर कापणारा हात निवांत मांडीवर पडून होता, आणि त्या शांतपणाचीच त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

त्या कठडा धरून जिना उतरल्या. मास्तरांच्या दुकानाच्या दारात पोचेपर्यंत ओठ निळसर झाले होते. मास्तर मशीन तसंच चालू ठेवून उठले, गिऱ्हाइकाला म्हणाले, "दुकान बघा," आणि रिक्षा मिळेना म्हणून समोरच्या पाववाल्याच्या टेम्पोत बारीकबाईंना बसवून इस्पितळात घेऊन गेले. टेप त्यांच्या गळ्यात तशीच होती.

मुलगा आणि सून पाठोपाठच पोचले. बारीकबाईंच्या तोंडावर मास्क, मास्कमधून वाफ. तरुण डॉक्टरीण वाफेकडे आणि बारीकबाईंच्या छातीकडे आळीपाळीने बघत होती. "हे औषध एव्हाना लागू पडायला हवं होतं," ती म्हणाली. "नाडी तर उलट मंद आहे. दम्याच्या झटक्यात नाडी धावते. यांनी आणखी काही घेतलंय का?"

"आई काहीही घेत नाही," मुलगा म्हणाला. "औषध म्हटलं की पळते ती."

डॉक्टरीणबाईंनी बारीकबाईंना विचारलं. बारीकबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही. दम नव्हता हे खरं, पण बोटाने दाखवता आलं असतं. सुनेच्या खणातली गोष्ट मुलाला माहीत नव्हती. ती आपल्या तोंडून उघडी पडावी आणि आपला हातही त्याबरोबर उघडा पडावा, यापेक्षा जरा वेळ गुदमरलेलं बरं असं त्यांना वाटलं. माणूस गुदमरताना असाही विचार करतो.

सून मात्र "नाडी मंद" या शब्दांपाशी थांबली होती. फोटो नीट येईना की तिचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. मग ती एकदम पुढे आली आणि सासूचा हात हातात घेऊन उलटा-पालटा करून बघायला लागली.

"हात कापत नाहीये," ती म्हणाली. "एवढी वाफ दिल्यावर कापायला हवा. आई, माझ्या खणातली गोळी घेतलीत?"

"कसली गोळी?" मुलाने विचारलं.

"आई, मानेनं सांगा. घेतलीत?"

बारीकबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

सून डॉक्टरिणीकडे वळली आणि गोळीचं नाव तिने स्पष्ट, मोठ्याने सांगितलं. "माझ्या आहेत. भाषणाच्या आधी घेते मी. माझे हात कापतात म्हणून." शेवटचं वाक्य तिने नवऱ्याकडे बघून म्हटलं. डॉक्टरीण त्याआधीच नर्सला दुसरं औषध आणायला सांगत होती. वाफेत आता ते वेगळं औषध पडलं, शिरेत सुई लागली, आणखी काहीतरी दिलं. लगेच काही झालं नाही. मग हळूहळू, दुपार उलटत असताना, नाडी ओढणाऱ्याने एकेक गाठ सैल करावी तशी छाती सुटत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांना वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. मुलगा डबा ठेवून, खाटेच्या पायाचा सैल स्क्रू नाण्याने आवळून कामावर गेला. सून राहिली.

"जीव गेला असता," सून म्हणाली.

"गेला नाही ना."

"मला विचारायचं तरी!"

"काय विचारायचं? 'तू नवऱ्यापासून लपवून घेतेस ती गोळी मला देतेस का' असं?"

सून लाल झाली. मग म्हणाली, "मी नऊ वर्षं याच एका गोष्टीवर काम करतेय, आई. याच. आणि ती माझ्या घरात, माझ्या खणात, तुमच्या छातीत चालली होती आणि मला पत्ता नाही."

"दिव्याखाली अंधार असतोच. पण मला कळू दे तरी, तो निळा पंप काल मेला का होता?"

सुनेने इकडे तिकडे पाहिलं. बारीकबाईंच्या पिशवीत सुईदोरा होताच, तो नसता तर नवल. उशीच्या अभ्र्याची शिवण उसवलेली होती, पण सुनेने त्याला हात लावला नाही, आपला रुमाल काढला.

"पेशीला बाहेरून एक पडदा असतो. हा रुमाल समजा. वरची बाजू बाहेर, खालची बाजू आत. त्यातून एक लांब धागा सात वेळा आरपार गेलेला असतो. तेवढ्या एका धाग्याचा तो सगळा रेणू. मी ज्याचे फोटो काढते तो."

"सात? मग सुरुवात वरून केली तर टोक खाली निघेल."

"तसंच आहे. एक टोक बाहेर, एक टोक आत."

बारीकबाईंनी सुई घेतली. वाफेचं औषध आता लागू पडत होतं, त्यामुळे हात चांगलाच कापत होता. त्यांनी सात वेळा सुई आरपार नेली, सरळ रेषेत.

"रांगेत नाही हो. गोलात. सात खांब एकमेकांना टेकून उभे असल्यासारखे. प्रत्येकाला स्प्रिंगसारखा पीळ. आणि मधोमध, वरच्या बाजूनं, एक खोबण."

बारीकबाईंनी उसवून पुन्हा घातले. वाकडेतिकडे, पण गोलात.

"माणूस घाबरला, धावला, की रक्तातून अॅड्रेनलिन येतं आणि या खोबणीत बसतं," सून बोटाने दाखवत म्हणाली. "ते बसलं की वर सगळं जरा आवळतं, आणि हा सहावा खांब खालच्या अंगानं बाहेर झुकतो. तिथे जागा होते. आत एक निरोप्या टपलेला असतो, तो त्या जागेत येऊन टेकतो, जागा होतो आणि पुढे निरोप घेऊन जातो. अॅड्रेनलिन आत जातच नाही. ते दाराबाहेरच बसतं, काम आत होतं."

"सासूसारखं," बारीकबाई म्हणाल्या. "बरं, निरोप काय?"

"ते घरावर आहे. श्वासनळीच्या भोवतीच्या स्नायूला निरोप गेला की तो सैल होतो. वाट मोकळी. हाताच्या स्नायूत गेला की तो थरथरतो. खोबण तीच, घर वेगळं. तुमच्या पंपातलं औषध अॅड्रेनलिनच्या भाऊबंदांपैकीच, तेही इथेच बसतं. म्हणून श्वास येतो आणि हात कापतो."

"आणि तुझी गोळी?"

"तीही इथेच बसते. पण नुसतीच बसते. सहाव्या खांबाला हलू देत नाही आणि दुसऱ्या कोणाला बसूही देत नाही."

"बसमध्ये शेजारच्या सीटवर पिशवी ठेवतात तशी."

"अगदी तशी. तुम्ही काल पंपावर पंप ओढत होतात, पण सीटवर पिशवी होती. डॉक्टरांनी मग दुसऱ्याच खोबणीवरचं औषध दिलं. ती श्वासनळी आवळायला सांगते, तिचं तोंड बंद केलं."

बारीकबाई रुमालाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एवढ्या वर्षांत कोणाला विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. "म्हणजे हाताला थांब म्हणायचं आणि छातीला चालू राहा म्हणायचं, असं करता येत नाही?"

सुनेने रुमालावरच्या खोबणीत बोट टेकवलं. "खोबण एकच आहे, आई. या गोळीनं तरी नाही."

खिडकीबाहेर कोणीतरी स्ट्रेचर धुवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तुमचा हात कधीपासून कापतोय?" सुनेने विचारलं.

"तुझे कागद फडफडायच्या आधीपासून."

"आणि तपकिरी पंप?"

"बटणांच्या डब्यात."

सुनेने कपाळाला हात लावला, पण ओरडली नाही. तपकिरी पंप आवळलेली नळी ओढून उघडत नाही, ती आतून सुजू देत नाही, असं तिने सांगितलं. त्याचा उपयोग एका दिवसात दिसत नाही, पण तो रोज घेतला तर निळ्याची गरज कमी पडते. निळा कमी तर थरथर कमी.

"म्हणजे जो काहीच करत नाही असं मला वाटलं तोच करत होता."

"हो."

"तुझे सासरे तसे होते असं म्हणायची माझी फार इच्छा आहे, पण ते खरंच काही करत नव्हते," बारीकबाई म्हणाल्या. सून हसायला लागली आणि हसता हसता रडली. बारीकबाईंनी तिला नाक पुसायला रुमाल दिला नाही, कारण त्यात सुई होती.

संध्याकाळी मुलगा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे घरात दोघींचे हात कापतात आणि मला कोणी सांगत नाही. मी आपला लिफ्टचा माणूस. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली."

"तुला सांगून तू काय केलं असतंस?" सुनेने विचारलं.

"कागद धरले असते," तो म्हणाला. मग आईकडे वळून म्हणाला, "तुझा कोट मात्र मला धरता आला नसता."

घरी आल्यावर तपकिरी पंप बटणांच्या डब्यातून बाहेर आला आणि दात घासायच्या ब्रशशेजारी उभा राहिला. पंप ओढायचा, चूळ भरायची. बारीकबाई रोज ओढत आणि रोज म्हणत, "काही होत नाही." छातीतली शिट्टी कधी बंद झाली ते त्यांना कळलं नाही. एक दिवस जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्या थांबायचं विसरल्या आणि वर आल्यावर आठवलं म्हणून थांबल्या.

थरथर पूर्ण गेली नाही. निळा लागायचाच, हवा बदलली की, कूस उडाली की. पण आता तो न घेता बसायचं नाही, असं सुनेशी ठरलं होतं, आणि सून हल्ली बघत होती. तेव्हा त्यांनी कामाची घडी बदलली. पंप ओढल्यावरचा वेळ जाड कामाचा: धागे उपसणं, रंगाप्रमाणे लावणं, दुमडी उलगडणं, इस्त्री. हात निवला की मग भिंग. जुन्या सवयीने एका बैठकीत काम उरकायचं म्हटलं की जीव तळमळायचा. पण हाताला रागावून हात थांबत नाही, हे त्यांनी रुमालावर घालून पाहिलं होतं.

कोट टेबलावर तसाच होता, सुई खोचलेली. मास्तरांनी तो परत मागितला नव्हता. बारीकबाईंना आधी वाटलं दया आली असेल, आणि त्या चिडल्या. मग कळलं की गाण्याच्या बाईंना मास्तरांनी सांगितलं होतं, "काम करणारी आजारी आहे, थांबावं लागेल," आणि त्या म्हणाल्या होत्या, "थांबते."

गोळी घेऊन घातलेल्या ओळी त्यांनी भिंगाखाली पुन्हा पाहिल्या. सुरेख होत्या. एकही धागा चुकला नव्हता. त्यांनी त्या उसवल्या नाहीत. चांगलं काम उसवायचं हा मूर्खपणा, मग ते कसंही झालेलं असो. पुढच्या ओळी त्यांनी रोज थोड्या थोड्या घातल्या. कधी एकच ओळ, कधी अर्धी. एका ओळीत हात मधेच हलला, धागा एक घर चुकला. त्या थांबल्या, तो उपसला, कोट बाजूला ठेवला आणि खिडकीतून रस्ता बघत बसल्या. मग दुसऱ्या दिवशी घातला. शेवटी वाफेची इस्त्री दिली, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. बोट एका जागी किंचित अडल्यासारखं वाटलं. पुन्हा फिरवलं. सांगता येईना. म्हातारा असता तर सांगता आलं असतं.

सून त्या दिवशी भाषणाला निघाली होती. हातातल्या फाइलमधून तो रुमाल बाहेर डोकावत होता, वाकड्या टाक्यांचा.

"ते कोणाला दाखवणार आहेस?" बारीकबाईंनी विचारलं.

"विद्यार्थ्यांना. फोटोपेक्षा त्यांना हे लवकर कळेल."

"माझं म्हणून सांगू नकोस. असले टाके माझे म्हटले तर मास्तर उद्यापासून जिन्याकडे फिरकणार नाहीत."

"नाही सांगत," सून म्हणाली. तिने कप उचलून ठेवला तेव्हा तो बशीवर किंचित वाजला. आज गोळी घेतली की नाही हे बारीकबाईंनी विचारलं नाही.

दुपारी मास्तर आले. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी कोट उचलला, खिडकीशी नेला आणि उजेडात तिरका धरला. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. छातीवरची ती बाजू जवळ आणली, लांब धरली, कापड दोन बोटांत चोळलं. बारीकबाई टेबलाशी बसून बटणं रंगाप्रमाणे लावत होत्या. हात मांडीवर झाकून ठेवावे असं त्यांना वाटलं. त्यांनी ठेवले नाहीत.

"बारीकबाई, राग मानू नका," मास्तर अखेर म्हणाले.

"बोला."

"काम चांगलं आहे. आजारपणातून उठून एवढं करणं म्हणजे... पण खरं सांगायचं तर इथे थोडं दिसतंय."

"कुठे?"

"हे बघा. इथे. वीण जरा दाटल्यासारखी." त्यांनी खडूचं टोक कोटावर टेकवलं.

बारीकबाई उठल्या आणि भिंग घेऊन खिडकीपाशी गेल्या. खडू जिथे टेकला होता तिथलं कापड कोट शिवला गेला तेव्हापासूनचं होतं. भोक त्याच्या वर होतं, चांगलं चार बोटं वर.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "हो मास्तर. दिसतंय खरं."